गुळाचे ग्रेडर

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी पक्की की कच्ची तेही विचारलं नाही. ओट्यावरून उठले, जवळ आले आणि माझ्या शर्टाची कॉलर अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून हलकेच चोळली. मी बाजारात विकायला आणलेल्या गोऱ्ह्यासारखा मान वर करून उभा. मग ते म्हणाले, "मिक्स हाय. पॉलिस्टर जास्त." आणि आत काकूंना आवाज दिला की खोलीची किल्ली आण, मास्तर राहाले आले.

हा शेरा शर्टावर होता की माझ्यावर, हे कळायला मला पुढे बराच काळ जावा लागला. कळलं तेव्हा असं वाटलं की कळलं नसतं तर बरं झालं असतं.

ते कापसाचे ग्रेडर होते. म्हणजे निवृत्त झाले होते, पण बोटं झाली नव्हती. सरकार विदर्भातला सगळा कापूस स्वतः विकत घ्यायचं त्या काळात संकलन केंद्राच्या फाटकाशी टेबल टाकून बसणारा माणूस म्हणजे ग्रेडर. बैलगाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका उपसायचा, दोन अंगठ्यांत ताणून धागा बघायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते बोलून टाकायचं. तो बोलेल तो भाव. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा कलेक्टरपेक्षा ग्रेडरला जास्त रामराम आणि जयभीम पडत. त्यांचे वडील जिनिंगमध्ये गठाणी वाहायचे. टेबलाच्या अलीकडून पलीकडे गेलेला घरातला हा पहिला माणूस. त्यामुळे चहासुद्धा कोणाचा घेतला नाही. "आपल्या मानसाच्या हाताकडे लोक दोनदा पाह्यतेत," असं म्हणायचे, "एकदा काय देते म्हणून, अन् एकदा काय घेते म्हणून."

टेबल सुटलं तरी प्रत लावणं सुटलं नाही. लग्नाची पत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी कागद चोळायचे. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की एकच शब्द, "कवडी", म्हणजे किडलेला, पिवळा पडलेला कापूस. काकूंची ज्वारीची भाकर रोज ताटात मोडून कड बघायचे आणि प्रत सांगायचे. चांगली असली तर "एक नंबर", नसली तर गप्प. काकू म्हणायच्या, "बोलले नाही तवाच मले समजते." हंगाम संपल्यावर उरलेल्या झाडाला मागाहून जी मरतुकडी बोंडं धरतात त्यांना फरदड म्हणतात, माझ्या कॉलेजातल्या बहुतेक सहकाऱ्यांची प्रत त्यांनी ओट्यावरूनच फरदड अशी लावून टाकली होती. माझी मात्र पुन्हा कधी सांगितली नाही. मी दोनतीनदा आडून विचारलं. ते म्हणाले, "तुमचा नमुना काढून ठेवला हाय. घाई कायची हाय?"

विक्षिप्तपणाच्या बाबतीत एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांना नुसते गमतीदार म्हटलं असतं. पण आणखी तीन गोष्टी होत्या.

एक म्हणजे, आयुष्य कापसात गेलेला हा माणूस कापसाच्या गादीवर झोपायचा नाही. उघड्या लाकडी बाजेवर सतरंजी, डोक्याखाली घडी केलेलं धोतर. दुसरं, हिवाळा लागला की रोज संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर एक कापसाचा पुंजका ठेवायचे, उडू नये म्हणून कडेला गोटा. सकाळी उठल्याउठल्या तो पुंजका ओठाला लावायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि फेकून द्यायचे. तिसरं, पेपर आला की फक्त जिल्ह्याचं पान उघडायचे, बातम्यांमधल्या नावांवरून बोट फिरवत खालपर्यंत यायचे, "नाही" असं पुटपुटायचे आणि पेपर माझ्याकडे सरकवायचे. बाकी जगात काय झालं याच्याशी त्यांना घेणं नव्हतं.

या तिन्ही गोष्टींच्या नकला मी स्टाफरूममध्ये उत्तम करायचो. पुंजका ओठाला लावून डोळे मिटण्याची तर इतकी हुबेहूब की उपप्राचार्यांनी एकदा चहा सांडला. पेपरच्या बोटाबद्दल मी असं पसरवलं होतं की म्हातारा या वयात स्थळं बघतोय. मला गोष्ट सांगता येते, हे माझं लहानपणापासूनचं दुखणं आहे. गोष्ट चांगली जमली की ती खरी आहे का हे बघायला मी थांबत नाही. आणि हे सगळं ज्या काळात चाललं होतं तो काळ असा की त्या जिल्ह्याच्या पानावर रोज काही ना काही नावं असायचीच. कापसाला भाव नव्हता, बोंडअळी होती, आणि मारेगाव, झरी, पांढरकवडा इकडून ज्या बातम्या येत त्या वाचून आम्ही शहरातले लोक चुकचुकून पान उलटायचो.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी प्राणिशास्त्राचा मास्तर. कनिष्ठ महाविद्यालयात बेडूक, झुरळ, आणि माणसाची पचनसंस्था. गाव पुसद, नोकरी यवतमाळात. माझा आतेभाऊ आखातात होता, त्याने माझ्या आईसाठी बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजायचं यंत्र पाठवलं. आईने ते बघून "माझ्या बोटाला भोसकायला मी काय दरोडा घातला?" असं विचारलं आणि यंत्र माझ्याकडे आलं. त्या काळी असलं यंत्र आमच्या मोहल्ल्यात कोणाकडे नव्हतं. माझी किंमत एका रात्रीत वाढली. लोक मला डॉक्टरसाहेब म्हणायला लागले आणि मी, बेडकांचा डॉक्टर, नाही म्हणेना. संध्याकाळी ओट्यावर बसून मी लोकांच्या बोटांना टोचायचो आणि आकडा दिसेपर्यंत चेहरा गंभीर ठेवायचो. पथ्याबद्दल बोलायचो. भात, बटाटा, केळी यांच्यावर मी त्या वर्षी जेवढं बोललो तेवढं कोणी शेतकीमंत्री बोलला नसेल.

ग्रेडरसाहेबांना साखरेचा आजार निघाला तो गावातल्या डॉक्टरांकडेच. गोळी सुरू झाली. देखरेखीला घरातच तज्ज्ञ हजर. ते डाव्या हाताची करंगळी पुढे करायचे. उजव्याची बोटं द्यायचे नाहीत. "त्याईच्यावर घर चाललं," असं म्हणायचे.

आणि इथे मला माझा शोध लागला. त्यांची साखर जेवणानंतर संध्याकाळी बरी असायची आणि सकाळी, उपाशीपोटी, जास्त. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. आता रात्रभर माणूस झोपतो, काही खात नाही, तर सकाळी साखर कमी व्हायला पाहिजे. वाढते याचा अर्थ एकच. मी यंत्र बंद केलं, काकूंना बाहेर बोलावलं आणि विचारलं, घरात गोड काय असतं? काकू म्हणाल्या, गुळाचा डबा असते बाप्पा, अजून काय असन?

झालं. ओट्यावर नेहमीची चार माणसं होती: शेजारचे निवृत्त कंडक्टर, कोपऱ्यावरचा पानठेलेवाला, आणखी कोणी कोणी. मला प्रेक्षक दिसले की माझं जे होतं ते झालं. मी उलटतपासणी सुरू केली. साहेब, रात्री उठता का? उठतो, ते म्हणाले, लघवीले. स्वयंपाकघरातून जाता? घरात दुसरा रस्ता नाही, मास्तर. तिथं फडताळ आहे? हाय. फडताळात डबा आहे? हाय. प्रत्येक उत्तरागणिक कंडक्टर मांडीवर थाप मारत होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या म्हणाल्या, "खरं सांगा जी. मी काई म्हणणार नाई."

ते दोनदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा नाही म्हणताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी हसून म्हणालो, साहेब, माणूस खोटं बोलेल, रक्त बोलत नाही. वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा म्हटलं.

मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. असं, जणू ओळखीचं कोणीतरी दिसलंय आणि नाव आठवत नाही. आणि म्हणाले, "हो. खाल्ला."

हशा पिकला. मी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र घेऊन गेलो तेव्हा त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. मी म्हटलं, हा कशाला? ते म्हणाले, "आता कायले वाचवाचा?"

ती गोष्ट मी कुठे कुठे सांगितली हे विचारू नका. पानठेल्यावर सांगितली, स्टाफरूममध्ये सांगितली, वणीला लग्नाला गेलो तर पंगतीत सांगितली. सांगता सांगता सुधारत गेली. आधी ते नुसते स्वयंपाकघरात जायचे, मग पंजांवर चालत जायला लागले, मग अंधारात गुळाचा खडा अंगठा आणि बोटांत चोळून "एक नंबर" असं पुटपुटायला लागले. हे शेवटचं इतकं चाललं की महिनाभरात मोहल्ल्यात त्यांचं नावच पडलं, गुळाचे ग्रेडर. माझीच कृती. पोरंसोरं जाताना मागून म्हणायची, "साहेब, आज कोनती प्रत?" ते थांबायचे नाहीत. पूर्वी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे, ते हळूहळू मागच्या अंगणात बसायला लागले.

माझ्या सल्ल्यावरून काकूंनी फडताळाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. संध्याकाळची भाकर अर्धी केली. सकाळची साखर तरीही जास्तच. मी म्हणालो, बाहेरून आणून खातात. काकूंनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. अर्धीची चतकोर केली. सकाळची साखर ढिम्म हलेना. मी डॉक्टरांना जाऊन भेटलो आणि म्हणालो, पेशंट चोरून खातो हो, ऐकत नाही. मास्तर म्हणतो म्हणजे खरंच असेल, असं धरून त्यांनी गोळी वाढवली. एक उपाशी म्हातारा, त्याला जास्तीची गोळी, आणि या सगळ्याचा सूत्रधार मी.

व्हायचं ते बाजाराच्या दिवशी भर दुपारी झालं. भाजी घेता घेता त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि ते जिथे खाली बसले ते नेमकं गूळवाल्याच्या दुकानासमोर. दुसरं कोणतंही दुकान चाललं असतं. मिरचीचं, दोरखंडाचं. पण नाही. गूळवाल्याने हे पाहिलं होतं पूर्वी कधीतरी, त्याने एक भेली फोडून मोठा खडा त्यांच्या तोंडात कोंबला. त्यानेच ते वाचले. पण मोहल्ल्यातल्या ज्या दोघांनी हे पाहिलं त्यांनी काय पाहिलं? ग्रेडरसाहेब भर बाजारात, गूळवाल्याच्या पायाशी बसून, तोंडात मावत नाही एवढा गूळ. ती बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी काय केलं? मी म्हणालो, बघा, मी म्हणत नव्हतो?

याच्या पुढच्या आठवड्यात मी ओट्यावर बसून सहामाहीचे पेपर तपासत होतो. प्रश्न मीच काढला होता: यकृताची कार्ये लिहा. गठ्ठ्यातल्या पहिल्या मुलाने लिहिलं होतं की माणूस उपाशी असताना यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, व गरज पडल्यास नवीन तयारही करते. बरोबर. मी गुण दिले. दुसऱ्या मुलीने लिहिलं होतं की म्हणून रात्रभर काही न खाता सुद्धा रक्तात साखर असते. बरोबर. गुण दिले. तिसरा, चौथा. माझीच वाक्यं, दर वर्षी मीच फळ्यावर लिहून दिलेली, वेगवेगळ्या अक्षरांत माझ्याकडे परत येत होती. कोणत्या पेपरावर माझा लाल पेन थांबला ते आठवत नाही. एवढं आठवतं की समोरच्या भिंतीवर एक पुंजका होता आणि कडेला गोटा.

तो विषय मी अनेक वर्षं शिकवत होतो, आणि पोटाच्या उजव्या बाजूला बरगडीखाली ते यकृत ग्रेडरसाहेबांनाही असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या हिशेबाने ते पुस्तकातल्या आकृतीला होतं.

तरी मला पळवाट हवी होती. ठीक आहे, यकृत साखर सोडतं, पण इतकी? मी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना जाऊन भेटलो. ओळख अशी नव्हती, एकदा विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून शेजारी बसलो होतो. मी पेशंटचं वर्णन केलं. चोरून खाण्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खाताना पाहिलं कोणी?" मी म्हटलं, नाही, पण स्वतः कबूल केलं.  मग कागद ओढून त्यांनी एक पेशी काढली आणि तिच्या कडेवर छोटे छोटे कंस.

त्या म्हणाल्या, यकृताच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर हे रिसेप्टर असतात. दारावरची घंटाच समजा. इन्सुलिन येतं, घंटा दाबतं. आत एका हातातून दुसऱ्या हातात निरोप जातो की बाहेर साखर भरपूर आहे, भट्टी बंद करा, गोदाम भरा. निरोगी माणसाची भट्टी रात्री मंद चालते, पुरेल तेवढीच. या आजारात घंटा वाजते, पण आतला निरोप अर्ध्यावरच विरतो. यकृताला वाटतं मालक उपाशी आहे. ते बिचारं रात्रभर साखर तयार करत राहतं. पहाटे तर शरीरच उठायच्या तयारीला लागतं, तेव्हा आणखी जोरात. "आणि दुसरी एक घंटा आहे तिथेच, ग्लुकागॉनची. ती म्हणते, काढा बाहेर, घरात खायला नाही. तुम्ही जेवण तोडलंत म्हणजे ती घंटा दाबून धरलीत. वर गोळी वाढवून घेतलीत, तर दुपारी पडायचेच ते. संध्याकाळी त्यांना नीट जेवू घाला, डॉक्टरांना खरं काय ते सांगा, ते गोळी बदलतील."

मी विचारलं, म्हणजे कोणी न खाता...

"कोणी काही खाल्लं नाही. आतूनच आली."

परतताना मी आर्णी रोडने पायी आलो. रिक्षात बसायची लाज वाटली, आता कारण सांगता येणार नाही.

ते मागच्या अंगणात होते. काकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं, घंटा, निरोप, भट्टी, आणि माझी तिथेही सुंदर भाषणाची सवय सुटेना, ती काकूंनी हात वर करून थांबवली. त्यांनी कमरेची किल्ली काढली, आत गेल्या, कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि डबा घेऊन बाहेर आल्या. झाकण काढलं. गुळाची ढेप जशीच्या तशी होती. वरचा कागदसुद्धा चिकटलेला.

मी शास्त्राचा माणूस. यंत्र होतं, आकडे होते, कबुलीजबाब होता. एकदा डबा उघडून गूळ कमी झालाय का, एवढं मी बघितलं नव्हतं. काकूंनीही बघितलं नव्हतं, कारण मास्तर म्हणाले होते.

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घ्या. तुमच्याच म्हणन्यानं लावलं होतं." आणि चुलीकडे गेल्या. परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

मी ग्रेडरसाहेबांना विचारलं, खाल्ला नव्हता तर हो कशाला म्हणालात? माझा आवाज जरा चढलाच होता. आपण ज्याच्यावर अन्याय केला त्याच्यावरच राग यावा, ही माझी त्या दिवसाची आणखी एक कमाई.

 मग त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांतला हंगाम. मुकुटबनकडचा एक माणूस गाडी घेऊन आला होता, लाइनीत उघड्यावर मुक्काम पडले होते. याचा नंबर आला तो सकाळी लवकर. साहेबांनी ढिगात हात घातला, तर वरचा माल ओला. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक असतात. ते ओळखणं हाच तर ग्रेडरचा धंदा. हे म्हणाले, पाणी मारलं. तो म्हणाला, नाही मारलं साहेब. हे म्हणाले, माणूस खोटं बोलेल, कापूस बोलत नाही.

ते वाक्य ऐकून मी खाली बघितलं.

"त्यानं डोक्यावरची टोपी काढली," ते म्हणाले. "आख्खं यार्ड हासून राह्यलं होतं. मी म्हटलं, कबूल कर, वाळवून घेतो, नाईतं गाडी परत. मंग तो म्हणला, हो साहेब, मारलं. मी खालची प्रत लावली. तो गेला. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलापाशी आलो, तं माह्यावालाच नमुन्याचा पुंजका रातभर बाहेर राह्यलता. हात लावला. ओला."

दव. यार्डात रात्रभर उघड्यावर उभा राहिलेला कापूस स्वतःच हवेतली ओल पितो. कोणाला पाणी मारावं लागत नाही.

"माहीत नव्हतं तुम्हाला?" मी विचारलं.

"माहीत होतं ना जी. सगळ्याईले माहीत असते. तो समोर उभा होता तवा आठोलं नाही."

नंतर त्यांनी त्या माणसाला शोधलं. नाव चिठ्ठीवर स्वतःच लिहिलं होतं, पाठ होतं. मुकुटबनच्या बाजारात जाऊन विचारलं, तर कोणी म्हणे जमीन ठेक्याने देऊन तेलंगणात गेला, कोणी म्हणे इथंच आहे कुठेतरी. भेटला नाही. गादी त्याच हंगामात सुटली, आणि तेव्हापासून हे रोज जिल्ह्याच्या पानावर बोट फिरवत होते. त्याचं नाव नाही सापडलं की म्हणायचे, "नाही." त्या काळात सकाळी एवढं कळलं तरी माणसाचा दिवस निघायचा.

"तुम्ही ओट्यावर इचारून राह्यले होते," ते म्हणाले, "तवा तुमचं तोंड माह्या तोंडासारखं दिसलं. मले वाटलं, जाऊ दे. यायचंच होतं फिरून."

 मी माफी मागितली. ते म्हणाले, "तवाच सांगतलं होतं, मिक्स हाय." आणि माझ्या शर्टाकडे बघून किंचित हसले. तेवढ्यात काकूंनी ताट आणलं. आख्खी भाकर, दोन भाज्या. त्यांनी भाकर मोडली, कड पाहिली. काकू उभ्या राहिल्या होत्या. ते म्हणाले, "एक नंबर." काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मी किल्ली बाजेवर ठेवून तिथून निघून आलो.

गोळी बदलली. आकडे ताळ्यावर आले. घर ताळ्यावर आलं. पण ओटा नाही आला.

मी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की साहेबांनी गूळ खाल्लाच नव्हता. यकृत सांगितलं. रिसेप्टर सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. कंडक्टर म्हणाले, असं हाय होय, आणि क्रिकेटवर गेले. स्टाफरूममध्ये सांगितलं, तर उपप्राचार्य म्हणाले, ते अंधारात प्रत लावायचं पुन्हा करून दाखवा ना. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. वणीच्या त्या पंगतीतल्या लोकांना मी कुठून गोळा करू? मला तेव्हा उमगलं की मी खोटं सांगितलं होतं ते खुसखुशीत होतं, आणि खरं सांगतोय त्यात चावायला काही नाही. यकृताच्या पेशीवर हसणार कसं? गुळाचे ग्रेडर हे नाव मात्र पुन्हा सुटू नये इतकं नेमकं बसलं होतं. तसलं नाव ठेवायला अक्कल लागते, आणि ती माझी होती.

मग माझी वणीला बदली झाली. जाताना पाया पडलो. त्यांनी सवयीने कॉलर धरली, पण चोळली नाही, नुसती सरळ केली. पुढे ते गेल्याचं मला उशिरा कळलं. काकू लेकीकडे राहायला गेल्या होत्या म्हणे, नंतर परत आल्या, याच घरात मरीन म्हणाल्या.

अलीकडे काकूंना भेटायला गेलो. निवृत्त झालो आहे आता. मलाही साखर आहे, आणि सकाळची जास्त असते. मोहल्ला ओळखू येईना. ओट्यांच्या जागी फरशीच्या पायऱ्या, कुंपणाच्या भिंतींच्या जागी लोखंडी फाटकं. कोपऱ्यावर पानठेला होता, त्यावर जुन्या ठेलेवाल्याचा मुलगा. मुलगा म्हणजे चांगला मिशा पिकायला लागलेला. मी ग्रेडरसाहेबांचं घर विचारलं.

तो चुना लावता लावता म्हणाला, "कोनते? गुळाचे ग्रेडर?"

मी म्हटलं, नाही. म्हणजे हो, पण तसं नाही. आणि मी त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो. या वेळी एकही विनोद न करता. यकृत, घंटा, विरलेला निरोप, रात्रभर चालणारी भट्टी. तो सभ्य माणूस होता, त्याने ऐकून घेतलं. मधे दोन गिऱ्हाइकंही थांबली. कात लावून झाला, सुपारी पडली, पानाची घडी झाली.

"म्हंजे साखर आतूनच येत होती?"

"आतूनच."

"मंग जी," त्याने पान माझ्या हातावर ठेवत विचारलं, "गूळ कोनं खाल्ला?"

मी सांगणार होतो की गूळ कोणीच खाल्ला नव्हता, ढेपेवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. पण ती दोन गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघत होती. ठेलेवालाही बघत होता. गोष्टीत गूळ आहे म्हणजे खाणारा पाहिजेच, असं तिघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मी टोपी घालत नाही, म्हणून चष्मा काढून हातात घेतला.

"मी खाल्ला," मी म्हणालो. "त्यांचा भाडेकरू होतो. रोज चोरून खायचो, अन् नाव त्यांच्यावर घातलं."

एक गिऱ्हाईक हसलं. मग दुसरं. ठेलेवाल्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"असं सांगा ना मंग," तो म्हणाला. "मास्तर होते ना तुम्ही?"

मी मान हलवली. त्याने पानाचे पैसे घेतले आणि हात लांब करून घर दाखवलं. मी पाठ वळवून चालायला लागलो तेव्हा मागे तो नव्याने आलेल्या तिसऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत होता, रंगवून, आणि हशा आला. सांगायची हातोटी होती त्याला. संध्याकाळपर्यंत चौकभर होईल, असं वाटलं.